लाल रेघेपर्यंत

ट्रिफी टिझर्डनं उभ्या जन्मात काही मोजून केलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती सगळ्या गॅनेट कोव्ह गावाला ऐकवत असे. पावाचं पीठ मुठीनं, मीठ चिमटीनं, उकळत्या किटलीतला चहा नुसत्या नजरेनं. "मोजायला लागलात की समजा हात गेला," असं तिचं म्हणणं. चर्चच्या जेवणावळीत तिनं तळलेल्या टाऊटनांवर, म्हणजे पावाच्या पिठाच्या पुऱ्यांवर, गुळाचा पाक ओतून माणसं बोटं चाखत बसत आणि कृती विचारत. ती म्हणे, "कृती काय त्यात? पीठ सांगतं ना किती ते!" बायका तोंडावर हसत आणि पाठीमागे म्हणत, मेली सांगायची नाही.

अशा बाईच्या नशिबी म्हातारपणी ग्रॅम आले.

ते आले नातीपायी. ग्लेंडा ही ट्रिफीची एकुलती एक लेक, आणि जोसी ही ग्लेंडाची. वय वर्षं सहा. तिसऱ्या वर्षापासून पोरीला फिट यायच्या. खेळता खेळता डोळे वर जायचे, अंग ताठ व्हायचं, कधी नुसतीच मान गळून कपाळ टेबलावर आपटायचं. औषधं झाली, एकावर एक झाली, आणि पोर त्यांच्या गुंगीत दिवस दिवस बसून राहायला लागली. मग सेंट जॉन्सच्या मोठ्या दवाखान्यात तिला तेलाच्या जेवणावर ठेवलं. साखर बंद, पाव बंद, बटाटा बंद. अंडं, घट्ट साय, माशाचा एवढासा तुकडा, आणि प्रत्येक जेवणात अठ्ठावीस ग्रॅम तेल. जास्त नाही, कमी नाही. डॉक्टरीणबाईंनी ग्लेंडाला समोर बसवून सांगितलं होतं, की याच्यापुढे आमच्याकडे काही नाही. दोन वर्षं हे निभावलं तर पोर यातून सुटेल. नाही निभावलं, तर प्रत्येक मोठी फिट जाताना तिचं काहीतरी बरोबर घेऊन जाईल.

सबंध हिवाळा ग्लेंडानं डोळ्यांत तेल घालून ते जेवण सांभाळलं. आणि बर्फ वितळायच्या आत फिट थांबल्या. पोर जागी झाली म्हणा ना. बोलायला लागली ती थांबेचना. धक्क्यावरच्या होड्यांची नावं, मालकांची नावं, कुणाच्या इंजिनाचा आवाज कसा येतो ते सगळं. आपण स्वतःच होडी आहोत असं तिनं ठरवून टाकलं होतं. जेवायच्या वेळी वाडगं टेबलावरून सरकवत पुढे आणायची, तोंडानं पुट-पुट-पुट करायची आणि आजीला ओरडून सांगायची, "टाकी भर, नॅन!" तेल पिणं कुणाही पोराच्या जिवावर येईल. हिला ते इंजिनाचं तेल वाटायचं, म्हणून वाडगं चाटूनपुसून साफ व्हायचं.

वसंतात खेकड्यांचा हंगाम सुरू झाला आणि ग्लेंडाला कारखान्यात जाणं भाग पडलं. तिचा नवरा रॉडनी तिकडे आल्बर्टात तेलाच्या खाणीवर, वर्षातून दोनदा येणारा. कधीपासून तो तिच्या मागे लागला होता, की पोरीला घेऊन इकडेच या. ग्लेंडा जात नव्हती ती आईसाठी.

"आई, खरं सांग," ग्लेंडा म्हणाली, "तुला झेपेल ना? नसेल झेपत तर तसं सांग. मी रॉडनीला कळवते, आम्ही तिकडे जातो. पण हे जेवण चुकता कामा नये."

"मला झेपेल का म्हणून विचारतेस?" ट्रिफी कडाडली. "अगं, तुला कुणी वाढवलं? त्या काट्यानं?"

काटा म्हणजे दवाखान्यानं दिलेला वजनाचा काटा. हातावर मावेल एवढा चपटा. त्यावर वाडगं ठेवायचं, बटण दाबून शून्य करायचं आणि आकडा अठ्ठावीस होईस्तोवर थेट वाडग्यातच तेल ओतायचं. ग्लेंडानं दोनदा करून दाखवलं. ट्रिफीनं मान डोलावली. खरी गोष्ट अशी होती, की तिला तो आकडा दिसतच नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. राखाडी पट्टीवर राखाडी रेघा, त्यातला आठ कोणता नि तीन कोणता, शून्य कोणतं नि सहा कोणता, देव जाणे. तिनं ते लेकीला सांगितलं नाही. पोर आल्बर्टात गेली तर आपण या घरात कुणासाठी चूल पेटवायची, हा एकच विचार तिच्या मनात होता. माणूस चुकतं ते बहुतेक वेळा भीतीपोटीच चुकतं, आणि वर त्याला अभिमान वाटतो आपल्या धीराचा.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. काट्यावर नाक टेकवून ती ओतायची, भसकन तेल पडायचं, मग चमच्यानं परत काढायचं. जोसी वाडग्यापाशी पुट-पुट करून कंटाळायची.

दहाच्या चहाला शेजारचा चेस्ली यायचा. सगळं गाव त्याला चेस काका म्हणायचं. बायको वारली होती, मुलगा आल्बर्टात. कोटाच्या खिशात पुदिन्याच्या गोळ्यांचा डबा घेऊन हिंडणारा आणि दिसेल त्या पोराच्या तळव्यावर गोळी ठेवणारा म्हातारा. जोसीचं जेवण सुरू झाल्यापासून तिला देणं त्यानं बंद केलं होतं.

"अरे चेस्ली," ट्रिफीनं त्याच्या कपात चहा ओतता ओतता सहज विचारल्यासारखं विचारलं, "एका औंसात ग्रॅम किती रे?"

"अठ्ठावीस. मास्तरीणबाईंनी छड्या मारून पाठ करून घेतलंय. का गं? रमचा गुत्ता काढतेस की काय?"

"काढला तरी तुला उधार नाही मिळायची," ती म्हणाली. पण तिचं लक्ष आधीच कपाटाकडे गेलं होतं.

अठ्ठावीस! म्हणजे बरोबर एक औंस! कपाटात तिच्या नवऱ्याचा, गार्लंडचा, रम मोजायचा पेला होता. जाड काचेचा, अरुंद, आणि त्यावर एका औंसाची लाल रेघ. गार्लंड देवमाणूस होता, पण रमच्या बाबतीत रेघेखाली एक थेंब ऐकून घ्यायचा नाही. ती लाल रेघ ट्रिफीला अंधारातही दिसली असती. त्या दिवशी तिनं पेला खिडकीत धरला, एक डोळा मिटला, गुडघे वाकवून रेघ नजरेच्या पातळीला आणली आणि तेल बरोबर रेघेला टेकवलं. मग ते वाडग्यात उपडं केलं. जोसी आनंदानं किंचाळली, "टाकी फुल्ल!" ट्रिफीला एवढं हलकं वाटलं, की तिनं पोरीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात एक गिरकी मारली.

त्यानंतर तिन्ही जेवणं तशीच. गुडघे दुखले तरी वाकून, खिडकीच्या उजेडात, श्वास रोखून. आयुष्यात कधी न मोजणारी बाई अशी मोजायला लागली, की एखाद्या औषधवाल्यानं यावं आणि शिकून जावं. जरा आळशी असती, हात सैल सोडून ओतणारी असती, तर फार बरं झालं असतं. पण ट्रिफीनं त्या रेघेवर एक थेंब चढू दिला नाही.

जूनमध्ये एक दिवस जेवता जेवता जोसीचा चमचा हवेत थांबला. तेवढंच. डोळ्यांच्या पापण्या फडफडल्या, आणि मग चमचा पुढे गेला. ट्रिफीनं स्वतःला समजावलं, की पोर विचार करत असेल. दुसऱ्या आठवड्यात ती दारात पडली. त्याच्या पुढच्या आठवड्यात खुर्चीवरून पडली आणि ओठ फाटला.

ग्लेंडानं दवाखान्यात फोन लावला. ट्रिफी चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. "हो, हो, सगळं वजनावर," ग्लेंडा सांगत होती. "अहो, माझी आई माझ्यापेक्षा कडक आहे. एक थेंब इकडचा तिकडे होऊ देत नाही." हे ऐकून म्हातारीचा ऊर भरून आला. खोटं तरी काय होतं त्यात?

फोन ठेवून ग्लेंडा म्हणाली, "ते म्हणतात, कुणीतरी गोड काहीतरी देत असणार. एवढीशी साखरसुद्धा पुरते म्हणे. कोण देईल गं, आई?"

दोघींच्या मनात एकच नाव आलं. ते बोलून दाखवलं ट्रिफीनं.

दुसऱ्या दिवशी दहाला चेस्ली नेहमीप्रमाणे दार न ठोठावता आत आला. ट्रिफीनं त्याला बसू दिलं नाही.

"खिसा दाखव."

"काय?"

"खिसा दाखव तुझा, मेल्या! माझ्या पोरीच्या तोंडात काय घालतोस ते बघू दे!"

त्यानं खिसे उलटे केले. दोरीचा गुंडा, चाकू, रुमाल.

"ट्रिफी, डबा फळीवर पडलाय ऑक्टोबरपासून. मी हात नाही लावला. ही पोर मला नात नाही का?"

"तुझी नात तिकडे आल्बर्टात आहे. तिला खाऊ घाल गोळ्या आणि मार तिला. माझीला कशाला मारतोस?"

असं बोलायला नको होतं. बोलली. चेस्लीनं खिसे नीट आत घातले आणि तो गेला. जाताना जोसी ओरडली, "चेस काका, पुट-पुट कर ना!" त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर म्हातारा आला नाही, गोळ्यांचा प्रश्नच उरला नाही, तरी फिट थांबल्या नाहीत. यावरून कुणालाही शंका यायला हवी होती. ट्रिफीला वाटलं, मेला कुंपणाआडून देत असेल. तिनं जोसीला अंगणात पाठवणंच बंद केलं. आणि पेला आणखी काटेकोर भरायला लागली.

जुलैमध्ये, भर दुपारी, धुकं अगदी खिडकीला येऊन टेकलेलं असताना, मोठी फिट आली. ती थांबली नाही. ट्रिफी जमिनीवर बसून पोरीचं डोकं मांडीवर धरून होती. आधी ती प्रार्थना म्हणत होती, मग नुसतंच "पुरे, पुरे, पुरे" म्हणत होती. ग्लेंडा कारखान्यातून डोक्यावरच्या जाळीसकट, रबरी बुटांसकट धावत आली. रुग्णवाहिका धुक्यातून चाचपडत आली. तोवर जोसीचे ओठ निळे पडले होते.

ती जगली. आठ दिवसांनी ग्लेंडानं दवाखान्यातून फोन केला.

"आई, तिला इथे तेच जेवण देतायत. तेच, तेवढंच. आणि फिट बंद झाल्यात, अगदी बंद."

"मी म्हटलं नव्हतं? त्या म्हाताऱ्यापासून लांब गेली ना!"

"हो." ग्लेंडा म्हणाली. "पण आई, ती बोलत नाही. एक शब्द नाही. उजवा हात उचलत नाही. ते म्हणतात, काही येईल परत. किती ते सांगत नाहीत."

ट्रिफीनं रागाला वाट करून दिली, कारण दुःखाला वाटच नव्हती. दुकानात, धक्क्यावर, चर्चच्या पायऱ्यांवर, भेटेल त्याला तिनं चेस्लीच्या गोळ्यांचं सांगितलं. गाव लहान. चेस्ली दुकानात शिरला की बायका पोरांना जवळ ओढायला लागल्या. ऑगस्टच्या मध्याला त्याचा लेक विमानानं आला, त्यानं घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या आणि बापाला घेऊन गेला. गाडीत बसण्याआधी चेस्ली कुंपणापाशी येऊन उभा राहिला होता. ट्रिफीनं पडदा ओढून घेतला.

महिनाअखेर जोसी घरी आली. ग्लेंडानं कडेवरून आत आणली, एवढी मोठी पोर. तिनं नॅनकडे पाहिलं, ओळखीचं पाहिलं, आणि ओठ हलले, पण काहीच आलं नाही. ट्रिफीनं तिचे गार पाय हातात धरले आणि ती जे काही बोलायचं ते बोलत राहिली, दोघींच्या वाटणीचं.

दवाखान्यानं पहिल्या काही दिवसांपुरत्या तेलाच्या बुटक्या बाटल्या भरून दिल्या होत्या. एका जेवणाला एक, प्रत्येकीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं: अठ्ठावीस ग्रॅम. "आई, तू वाढ तिला, मी तिचे कपडे बदलते," ग्लेंडा आतल्या खोलीतून म्हणाली. बाटली थेट वाडग्यात रिकामी करायची, एवढंच काम. पण ट्रिफीला राहवेना. शहरातली पोरं भरणार बाटल्या, त्यांचा काय भरवसा? तिनं सवयीनं पेला खिडकीत धरला, वाकली, डोळा मिटला आणि बाटली ओतली.

तेल रेघेच्या वर गेलं.

फार नाही, नखभर. तिनं पेला टेबलावर ठेवला. "बघा, म्हटलं नव्हतं? धड मोजताही येत नाही मेल्यांना," ती पुटपुटली. ते तेल तिनं वाडग्यात ओतलं, दुसरी बाटली फोडली, पेल्यात ओतली. नखभर वर. तिसरी. नखभर वर. सगळ्याच चुकल्या असतील कशा?

मग तिनं काटा काढला. शिवणाच्या पेटीतलं भिंग काढलं. पेला रिकामा करून धुतला, कोरडा पुसून काट्यावर ठेवला, शून्य केलं, रेघेपर्यंत तेल भरलं आणि भिंगातून वाकून पाहिलं. सव्वीस. तिनं भिंग पुसलं. सव्वीसच. तिनं तेल वाडग्यात उपडं केलं, अगदी शेवटचा थेंब गळेपर्यंत धरलं आणि रिकामा पेला परत काट्यावर ठेवला. त्यावर शून्य आलं नाही. काचेला आतून तेलाचा पातळ थर चिकटून राहिला होता, त्याचाच एक ग्रॅम भरला. म्हणजे पोरीच्या पोटात पंचवीस जात होते. रोज, तिन्ही जेवणांना, सगळा उन्हाळा.

तेल हलकं असतं. रमनं भरलेला पेला आणि तेलानं भरलेला पेला सारख्या वजनाचे नसतात. हे तिला कुणी शिकवायला हवं होतं का? सात वर्षांची असताना बाबांच्या धक्क्यावर तिचं कामच ते होतं. कॉड माशाची कलेजी उन्हात पिंपात सडायला टाकायची, आणि रक्त-पाणी खाली राहून तेल वर आलं की ते पळीनं काढून घ्यायचं. "वर का येतं, बाबा?" तिनं विचारलं होतं. "हलकं म्हणून," बाबा म्हणाले होते. अक्षरओळख व्हायच्या आधी हे तिला ठाऊक होतं. त्या वासात ती वाढली होती. आणि तिच्याच हातानं, खिडकीच्या उजेडात, श्वास रोखून...

ती खुर्चीवर बसली. खिडकीतून चेस्लीचं घर दिसत होतं, फळ्या ठोकलेलं.

मग तिच्या मनात आलं, आणि ते आल्याची लाज तिला मरेपर्यंत पुरणार होती. कुणाला कळायचंय? म्हातारा गेला. गाव विसरेल. पेला समुद्रात टाकला की झालं. मोठ्या आकड्यांचा काटा आणू, उद्यापासून बरोबर भरू. पोर माझ्यापाशी राहील.

ग्लेंडा जोसीला घेऊन बाहेर आली, तिला खुर्चीत बसवलं, उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. खिडकीतून समोर नजर गेली तशी म्हणाली, "बरं झालं गेला. नाहीतर मी माझ्या हातानं त्याचं घर पेटवलं असतं."

"त्यानं काही दिलं नाही," ट्रिफी म्हणाली.

"काय?"

"चेस्लीनं काही दिलं नाही. मी कमी दिलं."

आणि तिनं सगळं सांगितलं. डोळे, काटा, औंस, पेला, रेघ. पेला भरून दाखवला, भिंग लेकीच्या हातात दिलं. ग्लेंडाला भिंगाची गरज नव्हती. ती आकड्याकडे पाहत राहिली. ती ओरडेल म्हणून ट्रिफी वाट पाहत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुला दिसत नव्हतं," ग्लेंडा शेवटी म्हणाली. "एवढंच सांगायचं होतंस, आई. दिसत नाही, एवढे दोन शब्द."

"तू तिला घेऊन गेली असतीस."

"हो," ग्लेंडा म्हणाली. "गेले असते. आणि ती बोलत असती."

ग्लेंडानं पेला उचलून मोरीत ठेवला, फोडला नाही. स्वच्छ वाडगं घेतलं, उरलेल्या बाटल्यांतली एक उघडली. "रॉडनीला आज फोन करते," ती म्हणाली. "हंगाम संपायची वाट नाही बघत."

तिनं जोसीच्या पुढ्यात वाडगं ठेवलं. अंडं, साय, आणि सगळं तेल, बाटलीला बोट फिरवून शेवटच्या थेंबापर्यंत काढलेलं. ट्रिफी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून होती.

जोसीनं वाडग्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग डाव्या हातानं, वाकडंतिकडं, अर्ध्यात अडखळत, तिनं ते वाडगं टेबलावरून सरकवत सरकवत नॅनच्या पुढ्यात आणून ठेवलं. तोंड उघडलं. आवाज आला नाही. ती नॅनकडे बघत थांबली.

ट्रिफीनं दोन्ही हात टेबलाखाली नेले आणि मांडीवर घट्ट धरून ठेवले.